‘थिन्स्पो’ला प्रेरणा म्हणू नका : मराठी पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य, महिला आणि युवा पुरवण्या सांभाळणाऱ्या सर्व संपादकांना,

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं पुरवण्यांची पानं वाचते आहे. आधी कागदी प्रुफांवर लाल पेनाने खुणा करायचे, आता पडद्यावर करते. तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली मी काम केलं आहे, काहींना नुसत्या फोनवरच्या आवाजाने ओळखते. कुणा एका पुरवणीवर राग काढायला हे पत्र लिहीत नाही. एका शब्दाबद्दल लिहिते आहे. तो शब्द एकदा मीच कौतुकाने घरात येऊ दिला होता, म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात एका पुरवणीचं पान माझ्याकडे आलं. मथळा होता, ‘तुमचा रोजचा फिटस्पो’. खाली सपाट पोटाच्या एका मुलीचा फोटो, चेहरा चौकटीच्या बाहेर कापलेला. बाजूला पाच वाक्यं, त्यातल्या एकात भुकेला ‘आळशी मनाचा आवाज’ म्हटलेलं. मी ‘फिटस्पो’खाली रेघ मारून समासात ‘अर्थ?’ असं लिहिलं. डेस्कवरून उत्तर आलं, ‘मुलांचा शब्द आहे, प्रेरणा असा अर्थ, राहू द्या.’ भुकेच्या वाक्यासाठी मी भांडले, ते निघालं. शब्द छापून आला.

तीन वर्षांपूर्वी माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. सोळा वर्षांची, दहावीचा निकाल लागायचा होता. घरात आंब्यांची आढी होती, रोज दुपारी रस निघायचा आणि ही पोरगी वाटीला हात लावत नव्हती. उन्हाने भूक मेली असेल, असं आम्ही म्हणालो. एका संध्याकाळी ती मला मोबाइलवर कसलासा ड्रेस दाखवत होती, बोट सरकलं आणि फोटोंचा एक गठ्ठाच उघडला. सगळ्या मुली, सगळ्या हडकुळ्या, गळ्याची हाडं वर आलेल्या. त्या गठ्ठ्याला नाव दिलेलं होतं, ‘थिन्स्पो’.

‘हे काय गं?’

‘काही नाही गं मावशी. इन्स्पिरेशन असतं ना, तसं.’

मी शब्दांत रमणारी बाई. मला तो शब्द लगेच उलगडला. ‘थिन’ म्हणजे बारीक, त्याला ‘इन्स्पिरेशन’चं शेपूट जोडून ‘थिन्स्पिरेशन’ केलं, आणि तेही लांब वाटलं म्हणून ‘थिन्स्पो’. रात्री पानं घेतल्यावर मी बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, सांगितलंसुद्धा की बघ, ही मुलं कसे नवे शब्द घडवतात. भाची खाली मान घालून ताटातला भात कडेला सारत होती. मी शब्दाची फोड केली आणि त्यात काय लिहिलंय ते वाचलंच नाही. बारीक होणं ही त्यात प्रेरणा होती. कशाची प्रेरणा, कुठवर, हे विचारायला हवं होतं.

श्रावणात ती अकरावीच्या वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी नाडी मोजली, पुन्हा मोजली, मग पाळी कधी आली होती ते विचारलं. पाच महिने आली नव्हती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतरच्या दीड वर्षातलं मी इथे थोडंच लिहिणार आहे. आज ती बरी आहे, शिकते आहे, आणि हे पत्र वाचून तिने ‘दे’ म्हटल्यावरच मी देते आहे. तिची एकच अट होती. त्या गटांमध्ये शिकवल्या जाणाऱ्या युक्त्या, वजनाचे आकडे, सांकेतिक खुणा यांतलं काहीही लिहायचं नाही. ‘कुणीतरी नेमकं त्यासाठीच वाचेल,’ म्हणाली. ती अट मी पाळते आहे. तुम्हीही पाळावी.

स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी दिलं, दीडशे वर्षांपूर्वी. १८७३ सालीच पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही अशाच मुलींचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. ‘ॲनोरेक्सिया’चा मूळ ग्रीक अर्थ भूक नसणं. नावातच चूक राहून गेली, कारण भूक असते आणि ती भयंकर असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. ती धडधाकट माणसं दिवसभर अन्नाबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, चिडकी आणि एकलकोंडी झाली. म्हणजे मनाचे दोष समजून ज्यांच्यावर आपण मुलींना बोल लावतो, त्यांतले कितीतरी नुसत्या उपासमारीनेही येतात.

हे मी खूप उशिरा वाचलं. त्या मे महिन्यात भाची रात्री उशिरापर्यंत केकचे व्हिडिओ बघायची. दुसऱ्या दिवशी तो केक करायची, आम्हाला सगळ्यांना आग्रहाने वाढायची आणि स्वतः ‘करताना चाखला’ म्हणायची. आम्ही म्हणायचो, पोरगी सुगरण होणार.

‘थिन्स्पिरेशन’ हा शब्द वाढला तो ‘प्रो-आना’ म्हणवणाऱ्या संकेतस्थळांवर. ‘प्रो’ म्हणजे बाजूने, आणि ‘आना’ म्हणजे ॲनोरेक्सियाचं लाडकं नाव, जशी एखादी मैत्रीण असावी तसं. बुलिमिया या खाण्याशीच निगडित दुसऱ्या आजाराला त्यांनी ‘मिया’ केलं. मुली आनाला पत्रं लिहायच्या, तिची शपथ घ्यायच्या. आजाराला मुलीचं नाव मिळालं की त्याच्याशी भांडता येत नाही. तो सखी होतो, आणि ‘तिला सोड’ म्हणणारी आई वैरीण ठरते. आमच्या घरात अगदी हेच झालं.

हे काही कालपरवाचं नाही. २००१ मध्येच याहूने तक्रारींवरून अशी अनेक पानं आपल्या सेवेतून काढली होती. २०१२ च्या फेब्रुवारीत टम्बलरने, मार्चमध्ये पिंटरेस्टने आणि एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामने या मजकुराविरुद्ध नियम केले. इन्स्टाग्रामवर ‘थिन्स्पिरेशन’ शोधणं बंद झालं. मग मुलींनी शब्दाचं स्पेलिंग बदललं, ते बंद झालं की आणखी बदललं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या स्टीव्ही चान्सेलर, मुनमुन डे चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टाग्रामवरच्या अशा पंचवीस लाख नोंदी तपासल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बंदी घातलेल्या १७ हॅशटॅगांच्या, म्हणजे शोधशब्दांच्या, शेकडो बदललेल्या आवृत्त्या तयार झाल्या होत्या, आणि त्या आवृत्त्यांखालचा मजकूर मूळ शब्दांखालच्यापेक्षा अधिक घातक होता. मागच्या-पुढच्या अक्षरांची उलटापालट ओळखणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून हा अभ्यास वाचताना मला वेगळाच त्रास झाला. कुठेतरी सोळा वर्षांची मुलगी मुद्दाम चूक करून शब्द लिहिते आहे, पहारेकऱ्याला तो कळू नये म्हणून, आणि दुसरी तितक्याच वयाची मुलगी तो बरोबर वाचते आहे.

२०२५ च्या जूनमध्ये टिकटॉकने ‘स्किनीटॉक’ (‘स्किनी’ म्हणजे हडकुळं) या शब्दाचा शोध बंद केला, फ्रान्सच्या मंत्र्यांनी आणि युरोपीय आयोगाने प्रश्न उपस्थित केल्यावर. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद आहे. तेच फोटो इतर ठिकाणी येतात, मराठी गाणं लावून येतात.

‘-स्पो’ आता प्रत्ययच झाला आहे. केसांसाठी एक, प्रवासासाठी एक, घर सजवण्यासाठी एक. हे सगळे निरुपद्रवी आहेत आणि त्यांच्याच पंगतीत बसल्यामुळे घातक शब्दही निरुपद्रवी दिसतात. एक शब्द मात्र सांगायलाच हवा, कारण तो ऐकून मी रात्रभर झोपले नव्हते. ‘मीनस्पो’, यातलं ‘मीन’ म्हणजे इंग्रजीतलं दुष्ट. मुलगी अनोळखी माणसांना विनवते की मला घाण घाण बोला, माझ्या शरीराची लाज काढा, म्हणजे मी जेवणार नाही. आणि लोक बोलतात. आपल्या भाषेत याला अपमान म्हणतात, छळ म्हणतात. पुढे ‘स्पो’ लावला की तो मदत होतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे ‘थिन्स्पो’ छापतो? आम्ही ‘फिटस्पो’ छापतो, व्यायाम, ताकद, निरोगी शरीर. माझं खरं म्हणणं इथेच आहे.

‘फिटस्पिरेशन’ हा शब्द ‘थिन्स्पिरेशन’ला उत्तर म्हणून पुढे आला. बारीक नको, सुदृढ व्हा, अशी त्याची भाषा होती. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात मरिका टिगेमन आणि त्यांच्या सहकारी यांनी १३० विद्यार्थिनींचे दोन गट केले. एका गटाला फिटस्पिरेशनचे फोटो दाखवले, दुसऱ्याला प्रवासाचे. २०१५ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते असं. फिटस्पिरेशन पाहिलेल्या मुलींना व्यायाम करावा, नीट खावं, असं जास्त वाटलं, हे खरं. पण त्याच काही मिनिटांत त्यांचं मन खट्टू झालं, स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढली आणि आपण दिसतो कशा याविषयीचा आत्मविश्वास घसरला. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. त्यात थिन्स्पिरेशनची ५० आणि फिटस्पिरेशनची ५० संकेतस्थळं शेजारी शेजारी ठेवून वाचली होती. वजनावरून अपराधी वाटायला लावणं, जाड माणसाला कमी लेखणं, खाण्यावर बंधनं घालायला सांगणं, या बाबतींत दोन्हींमध्ये फरक आढळला नाही.

मला हे अभ्यास वाचायची गरजही नव्हती, कारण भाचीच्या मोबाइलमध्ये दोन्ही गठ्ठे शेजारी होते. बरी होताना तिनेच सांगितलं की सुरुवात फिटस्पोने झाली. सकाळी धावणाऱ्या बायका, बाटलीत लिंबू-काकडी. घरातल्या कुणाला आक्षेप घ्यावा असं त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या गठ्ठ्याचा दरवाजा पहिल्यातूनच उघडत होता आणि आत ढकलणारा माणूस कुणी नव्हता, पुढचा फोटो आपोआप येत होता. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. कंपनीला हे आधी माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे.

हे सगळं परक्या मुलखातलं, आपल्या मुलींना कुठलं आलंय, असं एका संपादकांनी मला फोनवर सांगितलं. त्यांच्यासाठी फिजीची हकीकत लिहिते. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात अंगाने भरलेलं असणं हे घर सुखी असल्याचं लक्षण मानलं जायचं. कुणाची भूक कमी झाली की घरचे काळजीत पडायचे, झाडपाल्याचा काढा द्यायचे. १९९५ मध्ये तिथे टीव्ही नुकताच आला होता तेव्हा हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी एकही मुलगी तेव्हा आढळली नाही. तीन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा ११.३ टक्के मुलींनी हो म्हटलं. मुली लहान संख्येने होत्या, दोन्ही वेळा साठ-पासष्ट, तरी शून्यावरून तो आकडा तीन वर्षांत आला होता. तो नुसता टीव्ही होता, आणि रात्री बंद व्हायचा.

आपल्याकडेही बाळ गुटगुटीत असलं की दृष्ट काढतात. तेच बाळ बारा वर्षांचं झालं की त्याच आजीला ती चवळीची शेंग व्हायला हवी असते. शेलाटी, सडपातळ, नाजूक हे सगळे कौतुकाचे शब्द, आणि दुसऱ्या बाजूला ढोली, ढब्बी, म्हैस. भाचीला सातवीत तिच्या सख्ख्या काकाने लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, ‘बास की आता, टेम्पो मागवावा लागेल’ असं म्हटलं होतं. मीही त्या पंगतीत होते. सगळे हसले. तिला ती तारीख पाठ आहे. विवाहविषयक छोट्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे तीन शब्द मी इतक्या वेळा तपासले आहेत की झोपेतही त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकणार नाही. आता ‘थिन्स्पो’ परदेशातून आला हे खरं, पण त्याच्यासाठी पाट मांडून ठेवलेला होता.

आणि उपास. याबद्दल मराठी पानांवर मी कधीही काही वाचलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या वर्षी फेब्रुवारीपासून भाची संकष्टी करू लागली. मग सोमवार. मग गुरुवार. आम्हाला अभिमान वाटला, आजकालच्या मुली कुठे करतात एवढं. पण ती साबुदाण्याची खिचडी खायची नाही, भगर खायची नाही, ‘माझा कडक आहे’ म्हणायची. आपल्या घरात उपास आहे म्हटलं की पुढे कुणी आग्रह करत नाही. आग्रह केला तर पाप लागतं. जगातल्या कुठल्याही मुलीला न जेवण्यासाठी सबबी शोधाव्या लागतात, आमच्या मुलीला पंचांग पुरलं. मी स्वतः एकादशी धरते, आणि श्रद्धेने उपास करणाऱ्या कुणाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. पण आषाढीला आणि नवरात्रात ‘उपासातून घटवा वजन’ अशी पानं आपण लावतो. त्या पानांनी व्रताला आहाराचं रूप दिलं, आणि आजारी मुलीला दोन्हींचं कवच मिळालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. त्या बायकांच्या हातात आपण हे पान देतो.

मुलग्यांबद्दलही सांगते, थोडक्यात, कारण मला जवळून माहीत आहे ते मुलीचं. शेजारचा बारावीतला मुलगा दिवसाला किती अंड्यांचं पांढरं खातो ते वहीत लिहितो आणि भावाच्या लग्नात पंगतीला बसला नाही. त्याच्या मोबाइलमध्येही ‘स्पो’ आहे. त्याला बारीक व्हायचं नाही, पिळदार व्हायचं आहे. त्याची आई म्हणते, व्यसन तर नाही ना लागलं, मग झालं.

शब्दांकडे परत येते, कारण माझं काम शब्दांचं आहे आणि मला सगळ्यात जास्त काही समजलं असेल तर ते तिथेच.

‘इन्स्पायर’मधला ‘स्पायर’ लॅटिन ‘स्पिरारे’वरून आला. अर्थ, श्वास घेणं. कुणीतरी आत श्वास फुंकला ते इन्स्पिरेशन. ‘कॉन्स्पिरसी’सुद्धा त्याच धातूवरून, ‘कॉन’ म्हणजे एकत्र, एकत्र श्वास घेणं. डोकी इतकी जवळ आणून कुजबुजायचं की श्वास एकमेकांत मिसळावेत, तो कट. २०११ मध्ये शार्लट वॉर्ड आणि डेव्हिड व्होआस या अभ्यासकांनी ‘कॉन्स्पिरिच्युअ‍ॅलिटी’ या जोडशब्दावर लेख लिहिला. जगावर गुप्त टोळीचं राज्य आहे ही समजूत आणि अध्यात्मातल्या नव्या जागृतीची भाषा, या दोन्हींची गाठ इंटरनेटवर कशी पडते आहे, ते त्यांनी दाखवलं. २०२० च्या साथीत ती गाठ सगळ्या जगाने पाहिली. शरीर शुद्ध करा म्हणणारी मंडळी बघता बघता लशीमागच्या कटाबद्दल बोलू लागली. आपल्या डेस्कवरही तेव्हा ‘डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’ अशा मथळ्यांचे लेख येत होते. काही मी परत पाठवले, काही छापले गेले.

भाचीच्या त्या गटात दोन्ही होतं. वरून प्रेरणा होती, आतून कट होता. मुली एकमेकींना आईबापांपासून काय लपवायचं ते शिकवत होत्या, डॉक्टर शत्रू आहेत असं सांगत होत्या. ती पुढे म्हणाली, ‘मावशी, तिथे मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्याबरोबर आहे.’ एकत्र श्वास घेणाऱ्या त्या मुलींमधली एक मुलगी एक दिवस लिहायची थांबली. तिचं पुढे काय झालं हे भाचीला आजही माहीत नाही. मानसिक आजारांमध्ये ज्यांचा मृत्युदर सर्वांत जास्त आहे अशांपैकी ॲनोरेक्सिया एक आहे.

आपल्याकडे ‘श्वस्’ हा धातू आहे. श्वास, उच्छ्वास त्याचेच. विश्वासही त्याचाच, आणि आश्वासनही. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो तिथे विश्वास, घाबरलेल्याला पुन्हा श्वास घेता यावा ते आश्वासन. भाचीला बरं केलं ते याच शब्दांनी. डॉक्टरांनी आईवडिलांवर दोष टाकला नाही, त्यांनाच कामाला लावलं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ऐंशीच्या दशकात घडवलेली ही उपचारपद्धती आहे. सुरुवातीला मुलीच्या खाण्याचा भार आईवडील उचलतात, मग हळूहळू तो तिच्या हाती परत देतात. माझी बहीण रोज तिच्या पानाशेजारी बसायची, कधी दीड तास, कधी दोन. ओरडायची नाही, विनवायची नाही. ‘मी इथेच आहे’ एवढं म्हणायची. एका वाटी वरणभातासाठी मी माझ्या बहिणीला इतका वेळ शांत बसलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता मागणं.

‘फिटस्पो’, ‘थिन्स्पो’ हे शब्द मथळ्यात कौतुकाने वापरू नका. नव्या शब्दांशी माझं वैर नाही. ‘सेल्फी’ मी पहिल्या दिवशी सोडला होता, ‘ट्रोल’ला क्रियापद होऊ दिलं. पण या शब्दांनी ‘प्रेरणा’ हा चांगला शब्द उसना घेतला आहे आणि आपण भाषांतर करताना तो त्यांना कायमचा देऊन टाकतो. या विषयावर लिहा, जरूर लिहा, आईबापांना आणि शिक्षकांना हे शब्द ओळखता यायला हवेत. तेव्हा ते अर्थासकट छापा. ‘थिन्स्पो’ला मराठीत काय म्हणावं याचा मी तीन वर्षं विचार करते आहे. ‘बारीकपणाची भूल’ म्हणून बघा. भूल पडते तशी पडते, आणि ऑपरेशनच्या वेळी देतात तशी दुखणं कळू देत नाही. याहून चांगला शब्द कुणाला सुचला तर तो मी आनंदाने घेईन.

डोकं कापलेल्या शरीरांचे फोटो लावू नका. व्यायामावर पान आहे तर व्यायाम करणारी माणसं दाखवा, साठीच्या, जाड, घामेजलेली, चेहऱ्यासकट. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडी पानावर नको. आजारातून उठलेल्या मुलीची मुलाखत घ्याल तेव्हा तिचं सगळ्यात कमी वजन किती होतं हे विचारू नका, आणि तिने सांगितलं तरी छापू नका. आजारी मुलीच्या डोळ्यांना तो आकडा उद्दिष्ट दिसतो. फ्रान्समध्ये २०१७ च्या ऑक्टोबरपासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं लिहावं लागतं. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येवो, आपल्या पानावर तशी ओळ टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

छोट्या जाहिरातींचा विभाग वेगळा आहे, ‘सडपातळ’ तुमच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. त्या विभागाशी एकदा बोला.

आणि या विषयावर काहीही छापाल तेव्हा खाली चौकटीत टेलि-मानसचा क्रमांक द्या, १४४१६. केंद्र सरकारने ही हेल्पलाइन २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या वर्षी मे महिन्यात तो क्रमांक अस्तित्वात असून आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हता, आणि मी तर रोज आरोग्याचं पान वाचत होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्या वर्षाच्या संकल्पांची पानं लागतील. दर वर्षी ती रात्री उशिरा माझ्याकडे येतात आणि तासाभरात सोडायची असतात. त्यांत ‘स्पो’ आला तर मी त्याखाली रेघ मारीन आणि समासात ‘अर्थ?’ लिहीन. या वेळी त्या खुणेवर मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

आपली,
एक मुद्रितशोधक